जुन्या गाड्या-नांगरांचा मिस्त्री: मोल चोख, तारखेचा भरवसा नाही

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

सासरवाडीची जुनी गोठ्याची पडवी पाडायची ठरली तेव्हा तिच्यातून बरंच काही बाहेर आलं. लाकडी चाकांची बैलगाडी, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मोठा नांगर, उसाचा चरक, पेरणीची एक तिफण, मशागतीचे दोन कुळव आणि विहिरीवरच्या मोटेचं चाक. मेहुण्याने भंगारवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. त्याने सगळ्याचे मिळून १९,००० सांगितले. त्यात लोखंडाचा किलोवर भाव होता आणि लाकूड "असंच उचलून नेतो", म्हणजे फुकट. मी कराडला एका पतसंस्थेत सोनेतारणाचं मूल्यांकन करतो. मोडीचा भाव वेगळा आणि वस्तूचा भाव वेगळा, हे रोज लोकांना समजावून सांगण्यात माझी हयात गेली. त्यामुळे तो आकडा ऐकून मी मेहुण्याला म्हटलं, दोन दिवस थांब, कुणीतरी जाणकार बघू दे. तो म्हणाला, "दाजी, ह्यात काय बघायचंय? चार चाकं न् लोखंड." चार नव्हेत, दोनच चाकं आहेत, इथूनच सुरुवात होती.

विटा-कुंडल पट्ट्यात एका रस्त्यालगत या मिस्त्रींची शेड आहे. नाव आणि नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. फोन वाढले की हत्यार खाली ठेवावं लागतं म्हणतात. त्या बाजूला चाकवाला मिस्त्री म्हणून विचारलं तर कुणीही दाखवेल. मूळचं घराणं सुताराचं, पण लोहारकीही शेडमध्येच चालते. भाता गेला, ब्लोअर आला, एवढाच बदल.

काम तीन प्रकारचं. घरी येऊन वस्तू बघायचे ५०० रुपये, ते पुढे कामात वळते करतात. दुरुस्तीची मजुरी आणि लाकूड वेगळं. आणि विकून हवं असेल तर वस्तू त्यांच्या शेडमध्ये ठेवायची, विकली की किमतीचा पाचवा हिस्सा त्यांचा. घाई असेल तर ते स्वतःही रोख घेतात, पण तो भाव अर्थातच कमी असतो आणि तसं ते तोंडावर सांगतात.

आता बघणं कसं, ते सांगतो, कारण मला खरा रस त्यात होता. आमच्या धंद्यात माणूस दागिना हातात घेतो कसा यावरून त्याची पारख कळते. मिस्त्रींनी गाडीकडे लांबून पाहिलंच नाही. आल्या आल्या विचारलं, "कुठं पडली हुती? कोरड्यात का मुताशेणात?" मग वाकून साट्याखाली, म्हणजे गाडीच्या तळाखाली, शिरले आणि बावखंडाला, म्हणजे तिथल्या लांब लाकडाला, खालून दाभण टोचत गेले. वरून लाकूड कितीही ठणठणीत दिसलं तरी ओल खालून चढते आणि वाळवीही तिथूनच शिरते. दाभण जिथे लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तिथे खडूची फुली. त्यानंतर चाकं. लहान हातोडीने प्रत्येक पुठ्यावर, म्हणजे चाकाच्या कडेच्या लाकडी तुकड्यावर, एकेक टोला आणि कान लावून ऐकणं. घट्ट बसलेला पुठा खणकन वाजतो, सुटलेला बद्द. आमच्या गाडीच्या चाकाला बारा आरे आणि सहा पुठे, म्हणजे एका पुठ्यात दोन आरे. डावं चाक पडवीच्या पाघोळीखाली उभं होतं, त्याचे दोन पुठे गेलेले. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला लाकडी गड्डा, मात्र दोन्हीकडे शाबूत निघाला. तुंबा बाभळीचा होता. बाभळीचा तुंबा टिकला म्हणजे चाक वाचतं, तुंबा फुटला की ते चाक फक्त भिंतीला टांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी वयावरून भाव केला नाही. मेहुण्याने आपला ठेका धरला होता की गाडी आजोबांची आहे, शंभर वर्षं झाली असतील. मिस्त्री म्हणाले, शंभर म्हणू नका, कागदावर तर अजिबात लिहू नका. त्यामागे कारण आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते. मग तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायला बंदी येते. दुकानदार विक्री वाढवायला "दीडशे वर्षांपूर्वीचं" असं ठोकून देतात आणि आपणच आपल्या गळ्यात फास अडकवून घेतात. आमच्या एका भाच्याला चाक अमेरिकेला न्यायचं होतं, त्यालाही हेच ऐकवलं. त्यांनी वहीत लिहिलं ते एवढंच: "सागवानी साटा, बाभळीची चाकं, लोखंडी आख, धाव जुनी, चालू करण्याजोगी." (आख म्हणजे चाकांचा कणा, धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी.) चालू करण्याजोगी, या दोन शब्दांवर त्यांचा सगळा भाव उभा असतो.

नांगराची गोष्ट अशी. त्याच्या बिडावर किर्लोस्करांची ओतीव अक्षरं होती, वर शेणामातीचा थर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर काढला १९०३ साली, बेळगावात. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगर घ्यायला कुणी धजेना. पुढे १९१०मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनपाशी किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे आमचा नांगर जिथे बहुधा ओतला गेला, तिथून मिस्त्रींची शेड हाकेच्या अंतरावर. साताऱ्यालाही कूपरांचा कारखाना १९२२पासून आहे, त्यांचेही नांगर या भागात सापडतात. मिस्त्रींकडे दोन्ही पडून होते आणि ते अक्षरं न वाचता, अंधारात हात फिरवूनही ओळखतात असा त्यांचा दावा आहे. अंधारात करून दाखवा म्हटलं नाही, पण उजेडात डोळे मिटून त्यांनी दोनदा बरोबर सांगितलं.

हे मोठे नांगर हरळी उपटायला असत. सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपून खोल नांगरट व्हायची. म्हणून त्यांचा फाळ झिजलेला, बदललेला असणारच. फाळ हा खपायचाच भाग, तो लोहाराकडून पुन्हापुन्हा पाजवून आणायचा. तो नवा असला तरी भाव उतरत नाही. भाव उतरतो तो मुख्य बिडाला तडा असेल तर, किंवा कुणीतरी त्यावर साध्या वेल्डिंगचा डाग मारला असेल तर. बिडाला साध्या रॉडने वेल्डिंग केलं की डागाच्या कडेने नवी चीर पडते, कारण एकाच जागी तापून झटकन गार झालेलं बीड ठिसूळ होतं. आमच्या चरकाच्या दात्यावर गावातल्या वेल्डरने हाच पराक्रम करून ठेवला होता. मिस्त्रींनी तो जुना डाग पूर्ण घासून काढला, सबंध चक्र कोळशावर तापवलं, पितळेने सांधलं आणि राखेच्या ढिगात पुरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढलं तरी आतून कोमट होतं.

नांगराला त्यांनी काय केलं? जवळपास काहीच नाही. माती पाण्याने नाही, लाकडी पट्टीने खरवडून काढली. पकडलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजत ठेवले, मग हलक्या हाताने तापवून सोडवले, आणि तेच बोल्ट परत बसवले. चौकोनी नट, इंची आटे. आता बाजारात सगळा एमएमचा माल आणि सहा कोनी नट. जुन्या नांगराला एक जरी सहा कोनी नट दिसला तरी जाणकार गिऱ्हाईक तिथेच थांबतं आणि आणखी काय काय बदललंय ते शोधायला लागतं. शेवटी कापडाने जवसाचं उकळलेलं तेल पुसलं, झालं. मजुरी ८०० घेतली. मी म्हटलं, एवढ्याशा कामाचे? तर म्हणाले, "सराफ, न केल्याचं पैसं हायेत ह्ये. ग्रायंडर लावला असता तर अक्षरं गेली असती." मला पटलं. पुसून पुसून ठसा घालवलेली जुनी पुतळी, म्हणजे सोन्याचं नाणं, आमच्याकडेही वजनावरच जाते.

याच्या उलट तिफणीचं झालं. आमचे मेहुणे उत्साही. पाहुणे येणार म्हणून त्यांनी मिस्त्री यायच्या आधीच तिफणीला हिरवागार ऑइलपेंट मारून ठेवला होता, दिंडापासून फणांपर्यंत. रुमण्याच्या, म्हणजे हातात धरायच्या दांड्याच्या, मुठीला तीन पिढ्यांच्या हाताने आलेली झिलई होती, तिच्यावरसुद्धा. मिस्त्रींनी मुठीवर अंगठा फिरवला आणि एकच वाक्य बोलले, "आता ह्ये हाटेलात जाईल, घरात न्हाई." तसंच झालं. महामार्गावरच्या एका चुलीवरचं मटण विकणाऱ्या ढाब्याने ती तिफण आणि दोन कुळव मिळून ६,००० रुपयांना नेले, दारात उभे करायला.

चाकाला धाव चढवताना मी मुद्दाम रजा टाकून गेलो. हे काम ते फक्त उन्हाळ्यात करतात, चैत्र-वैशाखात. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा धाव मापात बसवली तर पुढच्या उन्हाळ्यात ढिली पडून रस्त्यात निघते. लाकूड पूर्ण आटलेलं असतानाच माप घ्यायचं. माप घ्यायला टेप नाही. मूठ असलेली एक लोखंडी चकती चाकाच्या कडेने फिरवायची, फेरे मोजायचे, शेवटी खडूची खूण. मग तीच चकती धावेच्या आतून. धाव लाकडापेक्षा पाऊण बोट कमी ठेवतात. जास्त आवळली तर आरे वाकतात आणि चाक बशीसारखं आत दबतं, कमी आवळली तर सगळी मेहनत पाण्यात. आमची जुनीच धाव कापून, आवळून, पुन्हा जोडली. नवे दोन पुठे जुन्या बाभळीतून, वाकसाने तासलेले. रंधा मारलेला पुठा शेजारच्या जुन्या पुठ्यांत उपरा दिसतो म्हणून.

धाव जमिनीवर आडवी ठेवून भोवती शेणी रचल्या, मध्ये बाभळीच्या ढलप्या. ती किती तापली हे बघायला मिस्त्री बांबूची वाळकी काडी धावेला टेकवत होते. पहिल्यांदा नुसता वास. नंतर धूर. काडी टेकताक्षणी पेटली तशी त्यांनी हाक दिली आणि तीन माणसांनी मोठ्या सांडशींनी ती लाल व्हायच्या आतली धाव उचलली. चाक दगडी ओट्यावर पालथं, तुंबा खड्ड्यात. धाव बसताच सगळ्या बाजूंनी ज्वाळा उठल्या, लाकूड पेटलंच एकदम. एक जण घणाने ठोकत फिरतोय, दोघे लोट्यांनी पाणी ओततायत, आणि त्या वाफेत सांधे मिटल्याचे आवाज, कड, कड, कडाड. अर्ध्या मिनिटात खुळखुळणारं चाक एकसंध झालं. त्याच हातोडीने त्यांनी परत सहाही पुठे वाजवून दाखवले. सगळे खणखणीत. अशा कामाला घाम गाळून शिकलेले हात लागतात, आणि त्या तिघांपैकी सर्वांत तरुण माणूस पन्नाशीचा होता.

गाडीवर एकूण १६,००० खर्च झाले. दोन पुठे, धाव, बावखंडाचा एक तुकडा, जुवाच्या दोन शिवळा, म्हणजे बैलाच्या मानेशेजारच्या खुंट्या. साट्याला वॉर्निश नाही, करंजेल. गाडीचं गिऱ्हाईक पन्हाळ्याच्या बाजूचं निघालं, शेतघरासाठी हवी होती. ५२,०००ला गेली. नांगर ९,५००ला गेला, घेणारा पुण्याचा एक निवृत्त इंजिनिअर. तो बराच वेळ नटांकडेच बघत बसला होता. मोटेचं चाक सासूबाईंनी विकू दिलं नाही, तो विषय तिथेच संपला.

हिशेब करू. गाडीचे खर्च आणि पाचवा हिस्सा वजा जाऊन २५,६०० हातात आले, नांगराचे ६,८००, तिफण-कुळवांचे ४,२००. टेम्पोचे ३,५०० गेले. उरले ३३,१००, आणि चरक अजून शिल्लक. भंगारवाल्याच्या १९,०००मध्ये मोठा वाटा चरकाच्याच वजनाचा होता हे लक्षात घ्या, म्हणजे फरक समजेल.

आता तक्रारी. पहिली, पाचवा हिस्सा सबंध किमतीवर घेतात, दुरुस्तीचा खर्च वजा करून उरलेल्यावर नाही. म्हणजे १६,०००च्या दुरुस्तीने वाढलेल्या किमतीवरही त्यांचा हिस्सा लागतो. मी यावर वाद घातला. त्यांचं उत्तर असं की मजुरी ते आगाऊ घेत नाहीत, वस्तू विकेपर्यंत त्यांचेच पैसे अडकलेले असतात. उत्तर चुकीचं नाही, पण हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. तुम्ही आधी विचारून घ्या.

दुसरी, पावती देत नाहीत. वही आहे, आणि वहीतला शब्द ते मोडत नाहीत हेही खरं, पण परक्या माणसाच्या शेडमध्ये ५०,०००ची वस्तू ठेवताना कागद हवाच. मी माझ्याच हाताने कागद लिहून, प्रत्येक वस्तूचे फोटो काढून, त्यांची सही घेतली. त्यांनी कुरकुर केली नाही.

तिसरी आणि खरी, तारीख. चाकांचं सोडा, त्याला ऋतूचं कारण आहे. पण चरकाचं काम दसऱ्याला देतो म्हणाले ते संक्रांत उलटल्यावर झालं. मधल्या काळात फोन केला की "करतोय की" एवढंच. बैलगाडा शर्यतींना २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, मग २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानेही शर्यतींचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून हलक्या छकड्यांची कामं इतकी वाढलीत की जत्रांच्या मोसमात शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. छकडेवाले रोख देतात, त्यांना थांबवता येत नाही. समजतं सगळं, तरी एवढा उशीर म्हणजे फार झाला. एक तारा इथे गेला.

तिफणीचं चाडं, म्हणजे बी सोडायचं तोंड, टेम्पोत हरवलं, त्यात मिस्त्रींचा दोष नाही, टेम्पोवाला मीच ठरवला होता. त्यांनी नवं चाडं घडवलं, ६०० रुपये लावले. पण ढाबेवाला आला तेव्हा माझ्यादेखत त्याला सांगितलं, "चाडं नवं हाय बरं का." ढाबेवाल्याला चाडं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. तरी सांगितलं.

हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण महामार्गावर अँटिकच्या नावाने जे चाललंय ते मी पाहिलंय. नवी चाकं करून, काळं पाणी पाजून, "जुनी" म्हणून विकतात. ओळखायचं कसं ते मिस्त्रींनीच दाखवलं. खऱ्या वापरलेल्या चाकात तुंब्याचं भोक आतून गुळगुळीत आणि किंचित लांबट झालेलं असतं, धावेची कड दगडांवर आपटून बाहेरच्या बाजूला दुमडलेली असते, आणि कुठलेही दोन आरे नेमके सारखे नसतात. नव्यात सगळं एकसारखं. शेडमध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाडीची दोन चाकंही दिसली, उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या बंद करायला सांगितल्यावर विकली गेलेली. बारीक आरे, धावेवर रबराची पट्टी. त्यांच्यासाठी रोज कुणी ना कुणी विचारतं, काच टाकून टेबल करायला. मिस्त्री देत नाहीत. तुंबा फुटलेल्या चाकाचं टेबल करून देतील, धडक्या चाकाचं नाही. धंद्याच्या दृष्टीने हा हट्ट तोट्याचा आहे, आणि त्यांच्या मुलाचंही हेच मत आहे, तो ते मोठ्याने बोलून दाखवतो.

रबरी टायरची डनलॉप गाडी असेल तर इकडे नेऊ नका, तिला ते हात लावत नाहीत. ती अजून ऊसवाहतुकीत चालते, तिचा बाजार वेगळा. आठ दिवसांत पैसे मोकळे करायचे असतील तरीही जाऊ नका. पण वस्तू पडवीत पडून आहे, घाई नाही आणि तिचं नेमकं काय होऊ शकतं हे खरं ऐकून घ्यायची तयारी आहे, तर ५०० रुपये द्या आणि आधी बघायला बोलवा. त्याआधी पाण्याचा पाइप लावून काही धुऊ नका, घासू नका, रंगाचा डबा घरातल्या उत्साही माणसाच्या हाती लागू देऊ नका. आणि कोपऱ्यात पडलेले गंजके खिळे, कुण्या, साखळीचे तुकडे, वंगणाचं नळकं असलं काहीही टाकू नका, मिस्त्री ते सगळं एका पोत्यात मागतात.

चरक त्यांच्याच शेडमध्ये उभा आहे. तिन्ही लाटा, म्हणजे ऊस दाबणारे रूळ, फिरतात, मी स्वतः दांडी लावून ऊस घालून पाहिला, रस नीट निघतो. गुऱ्हाळासाठी कुणाला चालता बैली चरक हवा असेल तर जाऊन बघा. ४५,००० सांगतील. घासाघीस करा, पण ४०च्या खाली येणार नाहीत, कारण तसं मीच त्यांना सांगून ठेवलंय.